दारातलं लोखंड

बाईंच्या अंगावर धातू नव्हता. ही अलंकारिक भाषा नाही. अलंकारिक भाषा हा माझा प्रांत, त्याबद्दल पुढे येईलच. बाईंच्या अंगावर खरोखरच टाचणीइतकाही धातू नव्हता. साडीला पिन नाही, केसांत आकडा नाही, ब्लाउजला हुकांऐवजी कापडी बंद. चष्मा प्लॅस्टिकचा, आणि त्याच्या काड्यांचे बारीक स्क्रू काढून तिथे दोरा ओवलेला, त्यामुळे बोलताना तो एका बाजूला कलायचा आणि बाई आपल्याकडे नेहमी संशयाने बघतायत असं वाटायचं. गळ्यात नुसते काळे मणी, सुती दोऱ्यात. त्यावरून शहरात चर्चा होती. शहर नंदुरबार, म्हणजे चर्चेला माणसं भरपूर.

आता त्यांच्या अंगात धातू आहे. ते शेवटी सांगते.

बाई रेडिओलॉजिस्ट होत्या. मूळच्या इकडच्याच, ब्राह्मणपुरीच्या, शेतकरी घरातल्या. शिकल्या मोठ्या शहरात, नोकरी केली आणखी मोठ्या शहरात, आणि लोक ज्या वयात नातवंडांकडे जातात त्या वयात इथल्या एमआरआय सेंटरवर येऊन बसल्या. एमआरआय म्हणजे एक आडवा बोगदा, त्याच्याभोवती भलामोठा चुंबक. बाकीची यंत्रं बटण दाबलं की बंद होतात. हा चुंबक बंद होत नाही. रात्री नाही, रविवारी नाही, दिवाळीत नाही. खोलीत कोणी लोखंड घेऊन गेलं की तो ते ओढतो, आणि मध्ये कोण आलं हे बघत नाही. "चुंबकले सुटी नही," असं बाई म्हणायच्या, आणि ज्याला सुटी नाही त्याच्याशी आपण तरी का सुटीने वागायचं, म्हणून त्यांनी सगळा धातूच सोडून दिला. घराचं कुलूप शेजारीण लावायची. किल्लीला बाई हात लावत नसत.

बरं, स्वतः सोडला तर सोडला. पण लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला "तुमच्या छातीत काही बसवलंय का हो?" असं विचारणं कोणाला शोभतं? बाईंना शोभायचं. एकदा त्यांनी ते नवऱ्यामुलाच्या बापाला विचारलं. तो बिचारा हुंड्याच्या चौकशीची तयारी करून बसला होता, गडबडला.

माझी त्यांची ओळख मी घडवून आणली, निवेदन देऊन. मी तेव्हा आमच्या आरोग्य हक्क समितीची निमंत्रक होते. समितीत चौघं होतो, त्यातले दोघं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात, त्यामुळे सर्व ठराव बहुमताने मीच मंजूर करायचे. पत्रकं मीच लिहायची. माझ्या पत्रकात 'जाहीर' नसलेला निषेध तुम्हाला सापडणार नाही आणि 'ठाम' नसलेली मागणीही नाही. उद्गारचिन्हं मी मुठीने पेरायचे.

त्या दिवशीच्या पत्रकाचं शीर्षक होतं, 'नवजातांच्या नसांत धातू! कोणाच्या परवानगीने?' झालं होतं असं, की बाई तान्ह्या बाळांचा एमआरआय करताना शिरेत एक औषध देतात आणि त्यात धातू असतो, असं मला कोणीतरी सांगितलं. मी मोबाइलवर त्याबद्दल निम्मं वाचलं. निम्म्यात संताप आला. संताप आल्यावर पुढचं वाचायची माझी पद्धत नव्हती, लिहायची होती.

कुर्त्यावर 'जाब विचारा' असा बिल्ला लावून मी सेंटरवर गेले. बाईंनी माझ्याकडे त्या कलत्या चष्म्यातून पाहिलं.

"बिल्ला काढ."

"हा आमच्या अभिव्यक्तीचा प्रश्न आहे," मी म्हणाले.

"पिनना प्रश्न शे. काढ. केसमा काय शे? ते बी काढ. पायमा पैंजण? काढ. वढणीले पिन?"

मला आत चुंबकाच्या खोलीत जायचंच नव्हतं, मला निवेदन द्यायचं होतं, पण बाईंच्या ऑफिसात यायलाही हाच नियम, कारण ऑफिसातून माणसं चुकून आत जातात. तेव्हा माझ्या आयुष्यातलं ते एकमेव निवेदन मी मोकळ्या केसांनी, एका हाताने ओढणी सावरत, अनवाणी उभी राहून वाचलं. 'आम्ही रस्त्यावर उतरू' या वाक्याला ओढणी उतरली.

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग टेबलावरून दुसरा कागद उचलून माझ्या पत्रकाशेजारी ठेवला. तेही माझंच पत्रक, आदल्या वर्षीचं. 'नंदुरबारची बाळं सुरतेला का मरतात? एमआरआयची सोय झालीच पाहिजे!'

"हाई तूच लिखं ना?"

"हो."

"अन् हाई बी तूच?"

"...हो."

"मंग एकनं उत्तर दुसराले दी दे. मन्हा येळ वाचेल."

मी जवळच्याच कोरीटची. घरी आम्ही सगळे अहिराणीच बोलतो. पण राग मात्र मी प्रमाण मराठीत शिकले आहे, पत्रकांतून. अहिराणीत भांडता येतं, शिव्या तर फारच सुंदर देता येतात, पण 'तीव्र शब्दांत निषेध' करता येत नाही. बाईंनी घरच्या भाषेत उत्तर दिलं की माझे तीव्र शब्द जागच्या जागी पांगळे व्हायचे. "शरम वाटली पाहिजे!" असं काहीतरी म्हणून मी निघाले आणि दारातून परत आले, कारण चपला राहिल्या होत्या.

पण जाता जाता त्यांनी मला थांबवलं. "तुन्हं पत्रक चुकीचं नही," म्हणाल्या. "धातू शे त्यामा. फक्त तू दखं नही, तुले वाटनं." आणि मग त्यांचं ते वाक्य, जे त्या प्रत्येक नव्या डॉक्टरला, टेक्निशियनला आणि बहुधा दूधवाल्यालाही ऐकवत: "दिसस ते लिख. वाटस ते घर ली जाय."

त्यांचा रिपोर्ट म्हणजे तीन ओळी. चौथी आली तर त्या पहिली खोडायच्या. 'अत्यंत', 'गंभीर', 'चिंताजनक' हे शब्द त्यांच्या हाताखालून जिवंत सुटत नसत. नंतर नंतर मी त्यांच्याकडे जाऊ लागले, म्हणजे आमची वैचारिक लढाई होती असं मी समितीला सांगायचे, खरं म्हणजे त्यांच्याकडे चहा चांगला मिळायचा, चिनीमातीच्या कपात. तेव्हा त्या माझी पत्रकंही अशीच भादरायच्या. पानभर मजकुरातून एकदा फक्त 'दवाखान्यात पाणी नाही' एवढंच उरलं. मी चिडून ते तसंच छापलं. दुसऱ्या आठवड्यात टँकर आला. मी आजवर तो योगायोग मानते.

एका पुढाऱ्याची गोष्ट टेक्निशियन भाऊ रंगवून सांगतात. हे टेक्निशियन भाऊ म्हणजे बाईंच्या धाकाने पिवळे पडलेले, जाड मिशांचे गृहस्थ, बाईंनी त्यांच्या पट्ट्याचं बक्कलही काढायला लावल्यामुळे पँट नाडीने बांधणारे. तर पुढारी डोकं दुखतं म्हणून आले, बोटांत ग्रहांच्या अंगठ्या. बाकीच्या निघाल्या, एक निघेना. बाईंनी साबण मागवला. पुढारी म्हणाले, "बाई, ही शनीची आहे. लोखंडाची. ही काढून चालणार नाही." बाई बोटाला साबण लावत म्हणाल्या, "शनीले बाहेर बसाड. चहा देतस त्याले."

आणि खरोखर बाहेरच्या खुर्चीवर ती अंगठी ठेवून तिच्यासमोर चहाचा कप ठेवला. पुढाऱ्यांना राग आला नाही. मला आला. पुढाऱ्यांसाठी नव्हे, साबण सरकारी होता की खाजगी या प्रश्नावर.

आता ते बाळ.

होळी होऊन गेली होती. सातपुड्यातली कामाला गेलेली माणसं होळीला घरी येतात, ढोल वाजतो, आणि राख गार व्हायच्या आत पुन्हा गुजरातकडच्या गाड्या भरतात. बाळाचा बाप असाच परत गेला होता, आणि त्याच्या मागे बाळ जन्मलं. मुलगी. दवाखान्यातच जन्मली, रडली, दूध प्यायली, आणि मग तिला झटके येऊ लागले. औषधाने झटके थांबले, पण पोर मलूल. बाळांच्या डॉक्टरांना शंका होती की डोक्यातल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. शंकाच. गुठळी असेल तर रक्त पातळ करायची इंजेक्शनं लगेच सुरू करायला हवीत, नाहीतर मेंदूचं नुकसान होत राहणार. गुठळी नसेल आणि इंजेक्शनं दिली, तर डोक्यात रक्तस्राव करून बसायची भीती. म्हणजे एकच औषध, एकीकडे जीव वाचवणारं, दुसरीकडे घेणारं. मधोमध बाईंचं यंत्र.

मला बोलावलं ते दुभाषी म्हणून. बाळासोबत तिची आई होती, जवळजवळ पोरच, आणि बापाची आई. दोघींना पावरीशिवाय, म्हणजे सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या भाषेशिवाय, काही येत नव्हतं. मला पावरी येते असा माझा लौकिक होता, कारण मी मोर्च्यांत पावरीत घोषणा द्यायचे. खरं सांगायचं तर मला मोर्च्यापुरतीच यायची. 'चला', 'उठा', 'एक व्हा', 'मागे हटू नका'. 'थोडंसं', 'कदाचित', 'बघू या' हे शब्द मला पावरीत येत नव्हते. मराठीतही मी ते फारसे वापरले नव्हते.

बाईंनी आधी औषध न देता चित्रं काढली होती. बाळांना भूल द्यायचं त्या टाळत. दूध पाजायचं, घरच्याच मऊ जुन्या लुगड्यात घट्ट गुंडाळायचं, कानांत बोळे घालायचे, आणि झोप लागली की अलगद आत सरकवायचं. घरचंच कापड का, तर "सेंटरनं कापड सेंटरनं वास मारस." त्या चित्रांत शीर एका जागी तुटल्यासारखी दिसत होती.

"म्हणजे गुठळी आहे!" मी म्हणाले.

"म्हनजे तठे काहीच दिसत नही," बाई म्हणाल्या. एवढ्याशा जिवाचं रक्त काही शिरांत इतकं सावकाश चालतं की यंत्राला ते थांबल्यासारखंच वाटतं. चालतंय पण हळू, की अडलंय, हे त्या चित्रावरून कळेना. ते कळायला शिरेत औषध सोडावं लागतं. रक्त जिथे जिथे जातं तिथे ते औषध जातं आणि चित्रात पांढरं चमकतं. जिथे गुठळी, तिथे ते जाऊ शकत नाही.

तेच औषध. माझ्या पत्रकातलं.

"सांग त्यासले," बाई मला म्हणाल्या. "धातू शे म्हनीसन सांग. पोर लहान शे, गुर्दा कवळा शेतस, धातू अंगमाईन निघाले येळ लागस. म्हनीसन जराखाच देसू, अन् एकदाच. परत लगेच देता येवाव नही. बठं सांग. पत्रकमा लिखं ते बी सांग."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पण कसं ते विचारू नका. माझ्या पावरीत बाळाच्या अंगात लोखंड ओतून क्रांती होणार आहे असं काहीसं झालं असावं, कारण बाळाची आई रडू लागली. आजीने मात्र माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि सावकाश, मला समजेल असं विचारलं, "तुझी मुलगी असती तर तू देऊ दिलं असतंस?"

माझ्या झोळीत तेव्हा पाच विषयांची पत्रकं होती. या प्रश्नाचं उत्तर एकातही नव्हतं. मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "तुले इचारेल शे."

"हो," मी म्हणाले. उद्गारचिन्ह नव्हतं. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा.

आजीने मान डोलावली. आईने डोळे पुसून गळ्यातल्या चांदीच्या साखळ्या, कानातलं, हातातले वाळे काढायला घेतले; चांदीचा ढीग झाला. सगळं ठरलं असं वाटलं, आणि तेवढ्यात बाळाच्या कापडाच्या घडीतून एक लाल चिंधी निघाली. चिंधीत बाणाचं पातं. लोखंडी, वापरून गुळगुळीत झालेलं.

ते आजीने दिलं नाही. जन्मल्यापासून ते बाळाच्या उशाशी होतं. दवाखान्यातही होतं, सिस्टरांनी त्याकडे काणाडोळा केला होता. आधीची चित्रं काढताना आजी जवळ नसल्याचं पाहून सिस्टरांनी ते हळूच बाजूला ठेवलं होतं आणि नंतर आजीला कळल्यावर तिने सिस्टरांना जे काही ऐकवलं ते न समजताही सिस्टरांना पूर्ण समजलं होतं. आता ती म्हणत होती, पोर आत जाईल तर लोखंड सोबत जाईल. नाहीतर पोर जाणार नाही.

आता ही वेळ माझी होती. झोळीत एक पत्रक होतं, 'अंधश्रद्धा सोडा, विज्ञान जोडा!' आणि दुसरं होतं, 'आदिवासी परंपरांचा अवमान खपवून घेणार नाही!' दोन्ही माझी. दोन्ही ठाम. मी झोळीत हात घातला आणि कुठलं काढावं ते कळेना, म्हणून हात तसाच आत ठेवून उभी राहिले. टेक्निशियन भाऊंना वाटलं मी पेढे काढतेय.

बाईंनी मला बाजूला केलं नाही, पुढे ढकललं. "इचार तिले, हाई लोखंड काय करस?"

मी विचारलं. आजी म्हणाली, "वाईट असतं ते दारातून येतं. लोखंड दिसलं की मागे जातं."

मी बाईंना तसंच सांगितलं. बाईंनी चष्मा सरळ केला. मग म्हणाल्या, "बरोबर शे. दारमाईनच येस."

आणि त्यांनी मला वाक्यावाक्याने बोलायला लावलं. या खोलीतही वाईट येतं ते दारातूनच येतं. इथलं वाईट म्हणजे लोखंड. ते खिशात येतं, केसांत येतं, पट्ट्याला येतं. इतकी वर्षं मी एकटी ते अडवतेय, दाराला राखण नाही. जो पहारेकरी ठेवला तो तंबाखू खायला जातो. तू दारात बस. ती जमिनीवर पिवळी पट्टी आहे ना, तिच्या अलीकडे; पलीकडे चुंबक ओढतो. तुझं लोखंड हातात ठेव. कोणाजवळ लोखंड असेल तर त्याला आत सोडू नको. मलासुद्धा तपास.

मी हळूच म्हणाले, "बाई, ही त्यांची फसवणूक नाही का?"

"यामा कोनता सबद खोटा शे, दखाड," बाई म्हणाल्या.

मला दाखवता आला नाही.

आजी दारात बसली. मी पुष्कळ आंदोलनांत पुष्कळ दरवाजे अडवले आहेत, पण दार असं अडवतात हे मी तेव्हा शिकले. तिने ओचा पसरला आणि टेक्निशियन भाऊंची किल्ली, सिस्टरांची कात्री, माझं पेन, माझे केसांचे आकडे, बिल्ला, सगळं त्यात जमा केलं. बाईंनी हात वर केले. आजीने त्यांना खांद्यापासून टाचेपर्यंत चाचपलं, चष्म्याच्या दोऱ्याकडे निरखून बघितलं, आणि जा म्हणाली. बाई आत गेल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी कोणीतरी आपल्यासारखं भेटलं, असं काहीतरी. पण ते मला वाटलं, तेव्हा सोडून देते.

पोर दूध पिऊन झोपली. आत आई, तिच्या पायांवर हात ठेवून. बाई शेजारी उभ्या. ते औषध यंत्राने ढकलायची सोय असते, पण तान्ह्यांना बाई स्वतःच्या हाताने देत, अगदी हळू. यंत्र सुरू झालं. गव्हाच्या मळणीयंत्राशेजारी पाळणा टांगला तर कसं वाटेल, तसा आवाज. आम्ही बाहेर. धडधड, धडधड. बराच वेळ.

मग आवाज थांबला.

थांबला तो थांबलाच. काचेतून बाईंची पाठ दिसत होती. त्या हलत नव्हत्या. आईने तोंडावर हात ठेवला होता. मला कळलं. म्हणजे मला वाटलं. पोर गेली. धातूने गेली. मी परवानगी दिली. माझ्या डोक्यात शीर्षक तयार होऊ लागलं, अगदी तीन उद्गारचिन्हांसकट, आणि मी दाराकडे धावले. मध्यंतरी मी आजीकडून बिल्ला आणि मोबाइल मागून घेतले होते, फोटो काढायचा म्हणून; बिल्ला छातीवर होता, आणि हातात मोबाइल.

बाणाचं पातं आडवं आलं. पिवळ्या पट्टीच्या अलीकडे, माझ्या पोटाशी.

मला आजीला सांगायचं होतं, बाजूला हो. पण त्या घाईत माझ्या तोंडून जे पावरी निघालं ते मला येत होतं तेच निघालं: "मागे हटू नका!"

आजी हटली नाही.

मी पुन्हा तेच ओरडले, आणखी मोठ्याने. आजीने मला दुसऱ्या हाताने खाली बसवलं आणि बिल्ला काढून घेतला. एवढ्यात आतून पुन्हा धडधड सुरू झाली.

टेक्निशियन भाऊ घामाघूम होऊन खुर्चीतून वळले. "ताई, आत्ता औषध जात होतं," म्हणाले. "तेवढ्यापुरतं यंत्र थांबवतात. तुम्ही दार उघडलं असतं, पोर दचकून उठली असती, हलली असती. औषध तर गेलेलं. पुन्हा देता येत नाही. चित्रही नाही आणि औषधही नाही. मग काय केलं असतं?"

आजीला यातलं अक्षर समजलं नव्हतं. ती फक्त दारात बसली होती. मी तिच्याशेजारी बसून राहिले. नंतर कोणी विचारलं तर सांगण्यासाठी मी त्याला ठिय्या म्हणते.

चित्रं आली. बाईंनी मला पडद्याजवळ बोलावलं, आजीलाही. उन्हाळ्यात तापीचं पात्र जसं पांढरं दिसतं तशी ती शीर, उजळ, वळण घेत गेलेली, आणि मधे एका जागी काळा तुकडा. त्याच्या दोन्ही कडांनी पांढरं बारीक वाहत होतं. नदीत बेट असावं तसं.

"आते दिसनं," बाई म्हणाल्या.

रिपोर्ट तीन ओळींचा. गुठळी कुठे, केवढी, आणि रक्तस्राव दिसत नाही. मी विचारलं, "म्हणजे वाचेल ना?"

"ते चित्रमा नही."

त्या दिवशीच इंजेक्शनं सुरू झाली. पोर दवाखान्यात राहिली, झटके परत आले नाहीत, दूध नीट ओढू लागली, मग घरी गेली. इंजेक्शनं घरच्या जवळच्या उपकेंद्रात. मी अर्थातच पत्रक लिहिलं. 'विज्ञान आणि परंपरेचा ऐतिहासिक संगम!' बाईंनी ते वाचून टेबलावर उलटं ठेवलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. गोल डाग पडला. ते पत्रक छापलं गेलं नाही, हे वाचकांचं नशीब.

पावसाळा लागता लागता पुन्हा चित्र काढायची वेळ आली. गुठळी विरली का, इंजेक्शनं थांबवायची का, हे बघायचं होतं. आजी आली ती सरळ दारात जाऊन बसली, कोणी सांगायची वाट न बघता, लाल चिंधी सोडून. पहारेकरी तंबाखू खायला गेला तो त्या दिवशी आलाच नाही. पोर आता डोळे भरून बघत होती, मूठ चोखत होती.

आणि बाई पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभ्या होत्या.

मधल्या काळात त्या शहाद्याच्या बाजारात चक्कर येऊन पडल्या होत्या. हृदयाचे ठोके चुकत होते. त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला होता. टेक्निशियन भाऊंनी मला हे आधी हळूच सांगितलं, मिशा थरथरवत. आयुष्यभर पंगतीत लोकांना विचारत आल्या, आणि आता त्यांना तेच विचारायला कोणी नव्हतं. नव्या प्रकारच्या पेसमेकरला चुंबक चालतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण बाईंनी ते ऐकून घेतलं आणि घरी सोडून दिलं. खोलीत जायचं नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. औषध द्यायला त्यांच्याच हाताखाली शिकलेली तरुण डॉक्टरीण आत गेली. बाई काचेला नाक लावून पुटपुटत होत्या, "हळू. हळू, व माय. हात जड करू नको."

सवयीने त्यांचा पाय पट्टीकडे गेला. आजी उठली. नेहमीसारखं खांद्यापासून चाचपायला लागली आणि तिचा हात बाईंच्या डाव्या खांद्याखाली, साडीच्या आतल्या त्या टणक उंचवट्यावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तिच्यात लोखंड बसवलंय," मी सांगितलं. तीन महिन्यांत माझी पावरी बरीच सुधारली होती. मला 'थोडंसं' येऊ लागलं होतं. "हृदयासाठी. थोडंसं. म्हणून ती आत जाणार नाही."

आजीने पातं आडवं धरलं, तसा नियमच होता. मग चित्रं आली. टेक्निशियन भाऊंनी ती पडद्यावर लावली. पांढरी शीर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळण घेत, न तुटता. बाईंनी पुन्हा पुन्हा पाहिलं.

"वाट मोकळी शे," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि खुर्चीत बसल्या, जरा जास्तच सावकाश.

मी आजीला सांगितलं. आईने पोरीला उचललं आणि कानातले बोळे काढले.  आजी ओच्यातल्या वस्तू एकेकाला परत करायला लागली, मग मध्येच थांबून बाईंकडे बोट दाखवून मला काहीतरी म्हणाली आणि हसली.

"काय म्हनस ती?" बाईंनी विचारलं.

"म्हणते, इतकी वर्षं ही बाई लोखंडाशिवाय एकटी फिरत होती. मला काळजीच वाटायची. आता बरं झालं. आता हिला राखण आहे."

बाईंच्या छातीत लोखंड नव्हतं. टायटॅनियम होतं. बाईंनी उभ्या आयुष्यात असा चुकीचा शब्द सोडला नव्हता, आणि मी वाट बघत राहिले. चष्मा एका बाजूला कलला. त्यांनी छातीवर हात ठेवला, जिथे ते होतं तिथे, आणि दुरुस्ती केली नाही.

मग मला म्हणाल्या, "हाई लिख."

"पण बाई, हे दिसलेलं नाही. हे वाटलेलं आहे."

"मी सांगस ना. लिख."

मी लिहिणार होते, तिथल्या तिथे. पण पेन अजून आजीच्या ओच्यात होतं, बिल्ल्याशेजारी, आणि आजी माझ्या हाताकडे बघत नाही म्हणून मान हलवत होती. दार अजून उघडं होतं. चुंबकाला सुटी नव्हती.